मुहूर्त आणि सूर्याचा फोटो

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "सूर्य काय, रोजच उगवतो, त्याचे फोटो कसले काढायचे?" आता यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

तुम्हाला सांगते, आमची लेक आसावरी आकाशाचा अभ्यास करणाऱ्या देशाच्या मोठ्या संस्थेत आहे. मुख्य कचेरी बंगलोरला, एक दुर्बीण लडाखात, इतक्या उंचावर की चालताना धाप लागते, एक तमिळनाडूत कावलूरला... आणि आमची नेमकी कोडाईकनालला, सूर्याच्या वेधशाळेत. तिथे शंभराहून जास्त वर्षं, आभाळ मोकळं असलं की रोज सूर्याचा फोटो काढतात. मी दहावी झालेली बाई, मला दुर्बिणीतलं काय कळणार, पण शंभर वर्षं नेमाने एक काम करणं म्हणजे काय ते कळतं हो, माझी सोमवारची कहाणीसुद्धा महिन्यातून दोनदा वाचायची राहते.

पण मी म्हणते, तारे घ्यायचे होतेस ना बाई, दिवसा मोकळी असतीस. हिने घेतला सूर्य, आणि आपले मुहूर्त सगळे दिवसाचे!

नौपाड्यातलं स्थळ आलं. मुलगा नील, गुणी. त्याची आई प्रमोदिनीताई, मुहूर्त म्हणजे मुहूर्त. साखरपुडा डोंबिवलीला, सकाळी नऊ बारा. तर ही फोनवर म्हणते, "आई, साहेबांनी रजा दिलीय गं, पण सोबतच्या सुमती मॅडम आजारी आहेत. मी आले तर फोटोंच्या नोंदीत त्या दिवसाची जागा कोरी राहील." ह्यांनी फोन घेतला, "अगं, सूर्य काय, रोजच उगवतो." ती म्हणाली, "पण बाबा, रोज वेगळा असतो." ह्यांनी तापलेला तवा द्यावा तसा फोन माझ्या हातात दिला.

मला वाटलं, मोडलं स्थळ. प्रमोदिनीताई म्हणाल्या, "आम्हीच येतो तिकडे. पण नऊ बाराला मुलगी पाटावर हवी."

गेलो सगळे, गुरुजींना घेऊन. सकाळी दाट धुकं, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू... वेधशाळेच्या आवारातच पाट मांडला, आसावरी बसली, ओटी भरली, आणि नऊ दहाला सतरंजीवर स्वच्छ ऊन! तिने वर पाहिलं, मग नीलकडे. तो म्हणाला, "जा गं." गेली की, ओटीतल्या नारळासकट. गुरुजी म्हणतात, "अहो, सूर्य काय, रोजच उगवतो, मुहूर्त थांबतो का?"

प्रमोदिनीताई उठल्या. त्या तडक दुर्बिणीपाशी, मी मागे. आसावरी बगलेत नारळ धरून कामात, आणि पांढऱ्या कागदावर सूर्याचं बिंब, बशीएवढं, वर काळे ठिपके.

"हे काय गं?"

"डाग आहेत, काकू. हा मोठा आहे ना, त्यात आपली पृथ्वी मावेल."

ताई वाकून बघतच राहिल्या. मग दारातून हाक मारली, "नील, अंगठी घेऊन इकडेच ये रे, आणि तिचं काम झाल्याशिवाय हात ओढू नकोस." माझ्या मुलीचा साखरपुडा सूर्याशेजारी झाला हो, कोणाचा होतो असा?

आता लग्न. ताईंनी ठरवलंय, भर पावसाळ्यातला दिवस धरायचा, म्हणजे मुलगी उठून जाणार नाही. गुरुजी म्हणतात, चातुर्मासात मुहूर्त नसतात. ताई म्हणतात, शोधा.

लोक लग्नात पाऊस नको म्हणून नवस बोलतात, आणि मी, मुलीची आई, आभाळ गच्च भरून यावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेय.