कपाटातल्या नऊ पदव्या

दार्सोनो: अहो मार्सीहबाई, कागद कुणी खात नाही! कपाटात ठेवायचा, कुलूप लावायचं. दोन वर्षं भरली की परत.

मार्सीह: नोकरीसाठी पोरीची मूळ पदवी ठेवायची? सोळा वर्षं पहाटे उठून सोयाबीनचे तेंपे तळून विकले, तेव्हा ती भिंतीवर लागलीय. एक वेळ पोरगी ठेवून घ्या, कागद नाही मिळायचा.

वेनिंग: आई!

दार्सोनो: अख्ख्या तेगल शहरात हीच रीत आहे. मासळीच्या लिलावाचं ॲप आमचं. कॉम्प्युटर शिकलेली पोरं येतात, इथे हात बसला की चालली जकार्ताला! दुधाने तोंड पोळलंय माझं, ताकसुद्धा फुंकून पितो.

वेनिंग: जकार्तात पगार दुप्पट आहे, साहेब.

दार्सोनो: बघा! अजून खुर्चीत बसली नाही, अन् तिथल्या पगाराची चौकशी करून आलीय.

वेनिंग: करूनही इथेच आले ना? मला आईजवळ राहायचंय. ते कपाट दाखवता जरा?

दार्सोनो: कशाला?

मार्सीह: का हो? वाळवी लागलीय की काय?

(दार्सोनो किल्ली काढतो. कपाटाचं दार करकरतं.)

वेनिंग: सात, आठ, नऊ. यातले आज इथे कामाला कोण कोण आहेत?

दार्सोनो: कुणी नाही.

मार्सीह: अगं बाई! पाखरं उडाली आणि हे पिंजऱ्याला कुलूप लावून बसलेत!

वेनिंग: हा वरचा हेन्द्रोचा. आमच्याच कॉलेजचा.

दार्सोनो: त्याचं नाव काढू नकोस. दीड वर्ष माझ्या घरी जेवला. एक दिवस उठला नि गेला. सांगितलंही नाही मेल्याने.

वेनिंग: सांगितलं असतं, तर कागद दिला असतात?

दार्सोनो: छे! मुळीच नाही.

वेनिंग: मग तो सांगेल कसा? मी सोमवारपासून येते. पदवी आईच्या भिंतीवर राहील. जायचंच झालं तर तीन महिने आधी तोंडावर सांगेन, दुसऱ्याला शिकवून जाईन. पण आधी हे नऊ परत पाठवा.

दार्सोनो: आणि तू फसवलंस तर?

मार्सीह: बसस्टँडच्या मागे घर आहे माझं. शिव्या घालायला या, तेंपे खाऊन जा.

दार्सोनो: पण पाठवू कुठे? पत्ते कुठायत माझ्याकडे?

मार्सीह: हेन्द्रोचाही नाही? घरी जेवायचा म्हणता!

दार्सोनो: त्याचा आहे. दर ईदला चिठ्ठी येते.

वेनिंग: काय लिहितो?

दार्सोनो: आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करतो. मग कागदाचं विचारतो.