काळोखात बसणारी सून

“पोरगी गुणाची आहे हो, पण सारखी काळोखात बसते!”... हे मी ऐकायचं नव्हतं, पण आमच्या सासूबाईंची कुजबुज तुम्हाला माहीत नाही, तिनं वरच्या मजल्यावरचं मांजरसुद्धा जागं होतं. आणि मी तर भिंतीपलीकडेच होते... आता कसं सांगू... काळोखात!

अहो, बसते, पण का बसते ते कुणी विचाराल की नाही? माझं कामच तसलं! प्रयोगशाळेत मी पॉर्फिरिनं जोडते. पॉर्फिरिन म्हणजे पानातलं हिरवं आणि रक्तातलं लाल, या दोघांच्या भावकीतला जांभळा रेणू. पानं ऊन पकडतात ना, तसं आपणही पकडावं म्हणून या रेणूंचं कडं करायचं. एकानं ऊन झेलायचं, शेजाऱ्याला द्यायचं, त्यानं पुढच्याला, शेवटी सगळं मधल्याच्या पदरात! लांब ठेवले तर कुणी कुणाला काही देत नाही, फार चिकटले तर झेललेलं ऊन तिथंच विझतं... अगदी एकत्र कुटुंब! आणि उजेड झेलणारी ही मंडळी इतकी नाजूक, की नको तेव्हा उजेड लागला तर रंगच उडतो. म्हणून बाटल्यांना चंदेरी कागद, खिडक्यांना काळे पडदे. उजेडासाठीच काळोख, हो!

तीच सवय घरी आली. खोलीत शिरले की हात आपोआप बटणाकडे, दिवा बंद! परवा तर तेलाच्या बाटलीला चंदेरी कागद गुंडाळला. सासूबाई म्हणाल्या, “तेलाला थंडी वाजते का गं?” इथं सगळं सांगून टाकायचं ना? आणि मी? मी गप्प! मी शब्द निवडेपर्यंत या घरात तीन विषय होऊन जातात.

तर, सासूबाईंच्या त्या कुजबुजीवर भिंतीपलीकडे सासऱ्यांचं निदान, “सासर मानवलेलं नाही तिला. उद्याच चार दिवस माहेरी सोडून येऊ.” सासूबाईंचा आवाज एकदम ओला, “माझंच काही चुकलं का हो?” त्यावर आमचे हे म्हणाले, “हं.” बस, एवढंच! माझा तर जीव तुटला. मला आवडतं हो हे बोलघेवडं घर! आणि उद्याच तर माझ्या कड्याची तपासणी, कित्येक महिन्यांची मेहनत... उठून सांगायचं ना? आणि मी? मी गप्प!

दुसऱ्या दिवशी सकाळीच पळाले कामावर. काळोख केला, बाटलीवर जांभळट दिवा धरला, आणि काय सांगू तुम्हाला... आत लाल निखारा फुलला! मधल्याच्या पदरात किती पोचलं, ते आता फक्त यंत्रानं मोजायचं. पण तेवढ्यात खोलीतला दिवा लागला तर यंत्र आंधळं, सगळं पाण्यात! आणि तेवढ्यातच दार किलकिलं. सासूबाई. मागे सासरे, हातात माझी भरलेली बॅग. त्यांच्या मागे आमचे “हं”.

“अगंबाई, इथंही काळोखच!” मग त्यांना बाटली दिसली, आणि आवाज एकदम विरघळला. “अहो, बघा तरी, केवढं गोड लाल... हे आपल्या हिनं केलंय? थांब हं, जरा दिवा लावून नीट बघते!” आणि हात भिंत चाचपत निघाला की बटणाकडे...

लग्नानंतर पहिल्यांदाच त्या तिघांनी माझा पुरता आवाज ऐकला:

“आई, बटणाला हात लावायचा नाही! बाबा, बॅग खाली ठेवा, मी कुठ्ठेही जाणार नाहीये, मला तुम्ही सगळे हवे आहात! आणि अहो, तुम्ही... ‘हं’ मागाहून म्हणा, आधी ते दार लावा, उजेड येतोय!”