कानातला चिमटा अन् काळजाचा आकडा

मले आधी हे सांगा राजेहो, मानसानं भरोसा ठेवावा तं कोनावर? डॉक्टरवर? यंत्रावर? का घरच्या बायकोवर?... हसू नका! मेडशीत पस्तीस वर्सं झाली सोयाबीन-तुरीचा व्यापार करून राह्यलो मी, पोत्यात परखी खुपसून वरचा, मधला, तळाचा दाना पाह्यल्याबिगर भाव बोलत नाई, अन् माह्यासारख्याले एका चिमट्यानं फसवलं!

झालं काय, माह्या छातीत मधातच धडधड सुटे. डॉक्टरनं गोळी देल्ली. तेवढ्यात मालेगावहून नरेंद्र नावाचा एक गडी आला मोटरसायकलवर, यंत्र विकाले, गळ्यात टाय, बोलनं असं की साजूक तूप! "काका, मेंदूतून एक नस निंगते, वेगस म्हन्तेत तिले, मानेतून थेट काळजापर्यंत जाते. तिची एक फांदी कानात हाय. हा चिमटा तिथं बारीक करंट देते, काळीज थंड! अन् हे घड्याळ दोन ठोक्यांतलं अंतर किती लवचिक हाय थे मोजते. आकडा मोठा, तं काळीज तगडं!"

म्हनलं, दाखव. त्यानं मले आधी गोदामाचा जिना दोनदा चढवला, मंग घड्याळ बांधलं. आकडा बावीस. मंग गादीवर आडवा पाडला, डोळे मिटवले, कानाले चिमटा, पंधरा मिनिटं. आकडा एकेचाळीस! आता कोन्या शेतकऱ्यानं पोत्याच्या तोंडाशी चांगला माल भरून आनला असता, तं म्या त्याले चारचौघात सोलला असता. पन सोताच्या काळजाच्या वक्ती अक्कल कुठं गेल्ती?

सांगा, भरोसा ठेवावा तं कोनावर?

म्या चिमटा-घड्याळ घेतलं, वही केली. रोज दुपारी चिमटा लावून पडे, आकडा लिवे. चाळीस आला, लिवला. पंचवीस आला तं... म्हनलं, आज चिमटा नीट बसला नसन. सोडून देल्ला! वही अशी गोजिरी झाली की नरेंद्रनं फोटो काढले. थे फोटो गेले माह्या दोस्ताकडे, कामरगावच्या जानरावकडे. थो मले पंजाबभाऊ म्हन्ते; म्हने, "पंजाबभाऊनं लिवलं म्हंजे खरंच असन!" त्या शहान्यानं चिमटा घेतला, अन् रक्तदाबाची गोळी बंद! चौथ्या दिवशी भरबाजारात चक्कर येऊन धाडकन खाली. तीन दिवस दवाखान्यात!

मी फनफनत उठलो. "गिरजे, आन थो चिमटा, उकिरड्यावर फेकतो!" तं आमची गिरजाबाई काय म्हने? "फेका नं! त्याच्या चार्जरवर बारा दिवसापासून माहा मोबाईल लावून हाय. चिमटा तवाचाच बंद पडेल हाय."

बारा दिवस! वही पाह्यली, तं त्या बारा दिवसांतही पाच आकडे चाळीसच्या वर! म्हंजे करंट नाई, काई नाई, नुसता आडवा पडलो, सावकाश श्वास घेतला, अन् आकडा चढला! "मंग आधी काहून नाई बोलली?" तं म्हन्ते, "तुमाले पंधरा मिनिटं चूप पडेल पाहून माहंही काळीज थंड होये!"

आता सांगा, भरोसा ठेवावा तं कोनावर?

नरेंद्रले फोनवर असा तासला, असा तासला! थो म्हने, "काका, शास्त्रज्ञ अजून अभ्यास करून राह्यले, काहीले फायदा दिसते, काहीले नाई." म्हनलं, "बेट्या, हे 'काहीले नाई' विकाच्या दिवशी काहून नाई सांगितलं?" तं थो हळूच इचारते, "काका, तुमी तरी पंचविसाचे आकडे वहीत कुठं लिवले?"

...फोन ठेवून देल्ला म्या.

जानरावच्या खाटेपाशी जाऊन कबूल केलं. बाबा, खराब आकडे लपवले म्या. थो म्हने, "लेका, तुहा आकडा पाहून मी जळलो! याचं काळीज माह्याहून चांगलं कसं, म्हनून गोळी सोडली!"

आता त्याची गोळी सुरू हाय, माहीही. दोघंही वही ठेवतो. म्हनून हात जोडून सांगतो राजेहो, बाकी कुठं काटा मारत असान तं तुमचं तुमी पाहा, पन काळजाच्या वहीत जसा आला तसाच आकडा लिवा. बरा आला तरी लिवा, खराब आला तरी लिवा... माहा आजचा? थांबा, घड्याळात पाह्यतो. अठरा! तुमाले हे सांगता सांगता झाला. लिवतो, बापा, लिवतो.