सातव्या नंबराचे पेढे

शहापूरच्या स्टँडवर शेणव्याची गाडी अजून लागली नव्हती. माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. त्यातल्या धाकटीने पेढ्यांचा पुडा उघडला.

"घे मावशी. काल आमचा दीपेश पोहला ना, तिकडं जपानात."

"शर्यतीत ना? मोबाइलवर दावली म्हनं. कितवा आला गो?"

"सातवा."

"पोरं किती होती?"

"आठ."

"मंग पेढे कसले वाटतेस, सरिता?"

"अगो, बाकीच्या पोहन्यात तोंड पान्यातच ऱ्हातं. हा पोहतो बेडकावानी. दर हाताला डोकं वर येतं."

"मंग?"

"दिवाळीपासून पोर घरी नाय. काल त्याला पोटभर बघलं. खाली गेला की वाटायचं, आता वर येल. आन् यायचाच."

"फोनवर दिसत नाय काय?"

"फोनवर हसून दावतो गो. पोहताना कोन हसतंय?"

"बरं, मंग कसा दिसला?"

"गाल भरलेत."

"येडे, दम भरून घेतला असंल त्यानं!"

"नाय मावशी. दम सोडल्यावर पन तसेच होते."