पावसाच्या प्रश्नाला शून्य

हेडसर : मी काय म्हणतो बाई, निदान अर्धा गुण?

बाई : अर्धा कशाचा, सर?

हेडसर : श्रद्धेचा म्हणा. प्रश्न काय, ‘पाऊस कसा पडतो?’ पोरीने लिहिलं, ‘देव पाडतो.’ आणि तुम्ही चक्क शून्य! मिशनच्या शाळेत! बाहेर फाटकावर क्रूस आणि आत देवाला भोपळा.

बाई : देवाला नाही, भिंगरीला. देवाने पेपर लिहिला असता तर बाष्पीभवनापासून सुरुवात केली असती.

हेडसर : तुम्हाला हसू सुचतंय. तिचे आजोबा येतायत. आत्ता शिपाई सांगून गेला, फाटकातून ताडताड आत आलेत म्हणे. चर्चच्या कमिटीवरचा माणूस आहे तो.

बाई : मला सांगताय? रविवारी माझ्या पुढच्याच बाकावर असतात. सूर सोडून गातात, पण जीव तोडून गातात.

हेडसर : तेच आता इथे येऊन गातील. म्हणजे असं बघा, आपली शाळा इतरांसारखी नाही. आपलं एक तत्त्वज्ञान आहे.

बाई : कुठलं?

हेडसर : आता असं एकदम विचारलंत तर… माहितीपत्रकात छापलंय ना!

बाई : माझं कुठे छापलेलं नाही, पण सांगते. सकाळी प्रार्थनेत आपण मुलांना म्हणतो, हे जग देवाने केलं. लगेच पुढच्या तासाला मी तेच जग उघडून दाखवते. माझ्या लेखी ती प्रार्थनाच चालू असते. तुम्हाला कुणी हौसेने स्वेटर विणून दिला आणि तुम्ही घडीसुद्धा न मोडता ‘वा वा’ म्हणून कपाटात टाकलात, तर विणणारीला काय वाटेल?

हेडसर : आमच्या हिला विचारा. अजून बोलून दाखवते.

बाई : बघा! भिंगरीने ढग, वाफ, वारा, सगळी वीण तशीच घडीत ठेवली आणि वर ‘देव पाडतो’ची चिठ्ठी लावली. हा भक्तिभाव नाही सर, कामचुकारपणा आहे. बाकीच्या शाळांत मूल अभ्यास करत नाही तेव्हा नुसतं आळशी ठरतं. आपल्याकडे ते देवाला पुढे करतं. त्याला मी गुण दिले तर ती खोटी साक्ष झाली.

हेडसर : हे सगळं बरोबर असेल, पण त्यांच्यासमोर नको. मी बोलतो. तुम्ही फक्त मान हलवा.

(आजोबा दार न वाजवता आत येतात.)

आजोबा : उठू नका हेडसर, बसा. माझं काम बाईंशी आहे.

हेडसर : या काका, या. चहा सांगू? ते गुणांचं काय आहे, आम्ही आत्ताच त्यावर फेरविचार…

आजोबा : गुण घाला चुलीत.

हेडसर : अं?

आजोबा : चुलीत घाला म्हटलं. शून्य मिळालं ते योग्यच मिळालं.

हेडसर : पण श्रद्धेने लिहिलेलं उत्तर, काका…

आजोबा : कसली श्रद्धा? परीक्षेच्या आदल्या दिवशी दिवसभर खिडकीत बसून होती कार्टी, पुस्तक काही उघडलं नाही. मी प्लंबर माणूस, हेडसर. तुमच्या ह्या शाळेची टाकी फुटली होती तेव्हा मीसुद्धा प्रार्थना केली. पण पाना हातात धरून.

बाई : ऐकलंत, सर? हे छापा माहितीपत्रकात.

हेडसर : म्हणजे तक्रार नाहीये? मग काका, मी उगाच मघापासून घामाघूम… बरं, मग आलात कशाला?

आजोबा : पोरगी शून्य घेऊन नाचत घरी आली म्हणून.

बाई : नाचत?

आजोबा : गिरक्या घेत. आई गेल्यापासून नावालाच भिंगरी राहिली होती ती. बाप बोटीवर नोकरीला, घरात ती आणि मी. काल दप्तर फेकलं, पेपर माझ्या नाकापुढे धरला आणि म्हणते, ‘आजोबा, बघा! पाऊस देव पाडत नाही. बाईंनी शून्य दिलं.’ मी म्हटलं, बये, यात आनंद कसला? तर म्हणाली, ‘मग आईलासुद्धा देवाने नेलं नसेल. ते उत्तरपण चूकच असेल ना?’

हेडसर : अरे बापरे.

आजोबा : ‘देवाने नेलं’ हे तिला मीच सांगितलं होतं. दवाखान्यातून आलो, पोरगी दारात उभी. तोंडात जे आलं ते बोलून गेलो. सगळे तेच म्हणतात. आता ते पुसून दुसरं काय सांगू? बाई, शून्य तुम्ही दिलंत, तेव्हा पुढचं उत्तरही तुम्हीच द्या.

बाई : मी चूक म्हटलं नव्हतं, काका. उत्तराशेजारी मी ‘कसा?’ असं लिहिलं होतं.

आजोबा : पोरं काय वाचतात? शून्य वाचतात.

बाई : हो. तेही खरंच. आणि मी इथे बसून सरांना ऐकवत होते, पोरगी आळशी आहे म्हणून. ती आळशी नव्हती. ‘देवाने केलं’ हे उत्तर टिकतं का, ते बघत होती.

हेडसर : एवढीशी पोर?

बाई : सर, ती प्रार्थनेला ओठ हलवत नाही. तुमच्या लक्षात आलं नसेल. मी एकदा तिला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाली, ‘मोठ्याने म्हटलं तर मी कुठे आहे ते देवाला कळेल.’

आजोबा : असं म्हणाली?

बाई : मला वाटलं, काहीतरी खोडी करून आली असेल, म्हणून लपतेय. आत्ता कळलं. ज्याने आईला उचलून नेलं, त्याला आपला ठावठिकाणा कोण सांगेल?

आजोबा : मी तिला धीर द्यायला सांगितलं होतं हो.

बाई : ठाऊक आहे. काका, तुमच्या मुलीला झालं काय होतं?

आजोबा : झडप. हृदयाची. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणाले, समजतंय का? अहो, आयुष्यभर झडपा बदलल्या मी. मला समजणार नाही? उघडायची तेवढी उघडत नव्हती, मिटायची तेव्हा मिटत नव्हती. उशिरा कळलं. ऑपरेशन झालं, पण पोरीच्या अंगात ताकदच उरली नव्हती.

बाई : हे भिंगरीला सांगितलंत?

आजोबा : शब्द फुटत नाही. ‘देवाने नेलं’ म्हटलं की एका वाक्यात काम भागतं.

बाई : मग आज एका वाक्यापेक्षा जास्त बोला. आई कशी गेली, ते सगळं खरंखरं सांगा.

आजोबा : आणि का गेली, असं विचारलं तर? ती विचारणारच.

बाई : तर माहीत नाही म्हणा. मलाही माहीत नाही.

हेडसर : बाई, आपल्या शाळेत ‘माहीत नाही’ म्हणायचं?

बाई : आपल्याच शाळेत म्हणायचं, सर. दुसरीकडे तो प्रश्न अभ्यासक्रमात नसतो. मला तिकडे जास्त पगाराची नोकरी मिळत होती, तरी मी इथे राहिले ते ह्याचसाठी. इथे मूल भर वर्गात उठून असं काही विचारू शकतं, आणि उत्तर येत नसलं तरी मी त्याच्यासोबत देवापुढे जाऊन बसू शकते. तेवढंही जमणार नसेल तर फाटकावरचा क्रूस उतरवून तिथे कपडे वाळत घाला.

हेडसर : असं टोकाचं बोलू नका हो. थांबा, मी तिला बोलावतो. शिपाई नको, मीच जातो.

आजोबा : आत्ता? अहो, मी कमिटीत तासभर बोलू शकतो, पण तिच्यासमोर माझी जीभच उचलत नाही.

बाई : थांबा, ह्या कपाटातच आहे. हे घ्या. प्रयोगशाळेतलं प्लास्टिकचं हृदय आहे. उघडतं. आत झडपा आहेत. तुम्ही पाइपांबद्दल बोलता तसंच बोलायचं. मी इथेच बसलेय.

हेडसर : ये गं भिंगरी, आत ये. घाबरू नको, कुणी रागावणार नाहीये.

भिंगरी : आजोबा! तुम्ही शाळेत? शून्यासाठी आलात?

आजोबा : नाही गं. इकडे ये, जवळ बस. हे काय आहे, ओळख.

भिंगरी : हृदय. मोठ्या वर्गांना असतं. आम्हाला हात लावू देत नाहीत.

बाई : आज लाव.

आजोबा : ह्या बाजूने रक्त येतं. इथून पुढे जातं. आणि ही झडप. आपल्या मोरीच्या पाइपला मी बसवलीय ना, तशीच. पाणी पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. तुझ्या आईची ही झडप बिघडली होती. म्हणून ती जिना चढताना थांबायची, आठवतं?

भिंगरी : मधल्या पायरीवर बसायची. मी तिची पिशवी घ्यायचे.

आजोबा : हो, घ्यायचीस. डॉक्टरांनी खूप खटपट केली. नाही जमलं.

भिंगरी : देवाने बिघडवली?

आजोबा : मला नाही वाटत तसं. मी ‘नेलं’ म्हणालो ना तुला, ते मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून. आई आता त्याच्याजवळ आहे, एवढं मी मानतो. अगदी मनापासून मानतो. पण तो चोरासारखा घरात येऊन माणसं उचलून नेत नाही.

भिंगरी : मग त्याने दुरुस्त का नाही केली?

आजोबा : ते मला माहीत नाही, बाळा.

भिंगरी : बाईंना?

बाई : मलाही नाही.

भिंगरी : सरांना?

हेडसर : नाही गं.

भिंगरी : मग विचारायचं कुणाला?

आजोबा : त्यालाच. आपण दोघं मिळून विचारू. रागावून विचारलं तरी चालतं. मी रोजच विचारतो, तू झोपलीस की.

भिंगरी : मला उठवायचं ना मग… आजोबा, झडप ही? एवढीच? माझ्या नखाएवढी?

आजोबा : एवढीच.

भिंगरी : आणि हे बाकीचं?

आजोबा : बाकीचं सगळं चांगलं होतं गं. तिचं बाकीचं सगळं फार चांगलं होतं.