म्हातारा वॉर्डबॉय मंगळवारी गेला

...बरं, हसायचं तरी किती? मी आपला भाबडेपणानं सांगायला गेलो, की बाबांनो, एक अमेरिकन मालिका बघतोय, हॉस्पिटलची, काय मालिका आहे, काय मालिका आहे! तर शेजारच्या दुकानातला शिंपी कात्री खाली ठेवून म्हणतो, "ती? अहो, ती संपून बारा वर्षं झाली!" बारा वर्षं! अरे, मग तेव्हाच का नाही बोललास? तुझं दुकान माझ्या दुकानाला चिकटून, उसवलेल्या खिशापासून व्याह्यांच्या रुसव्यापर्यंत सगळं मला ऐकवतोस, आणि नेमकी एवढीच गोष्ट पोटात ठेवलीस? तुम्हाला सांगतो, मला कुणी सांगितलंच नाही हो!

मी कानाची मशीनं बसवतो. तीस वर्षं झाली. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ऐकवायचं, हाच माझा धंदा. दिवसभर लोकांच्या कानात डोकावून "आता येतंय का? आणि आता?" करत बसायचं, त्यात मालिका बघायला वेळ कुठला? तो मिळाला पाय मोडल्यावर. दुकानाची पाटी पुसायला शिडीवर चढलो आणि पाटीच्या आधी मीच खाली आलो. सहा आठवडे प्लास्टर! मुलगी आली, टीव्हीत काहीतरी खुडबुड केली, म्हणाली, "बाबा, ही बघा, नऊ सीझन आहेत, प्लास्टर निघेपर्यंत पुरेल." पुरेल? दुसऱ्या आठवड्यात मी पाचव्या सीझनला! मग संपेल या भीतीनं पुरवून पुरवून बघायला लागलो.

आता ती अमेरिकन नावं माझ्या डोक्यात कुठली टिकायला? मी आपली नावं ठेवून टाकली. मोठी नर्स, टकल्या सर्जन, म्हातारा वॉर्डबॉय आणि तो रडका डॉक्टर. पहिल्याच भागात तो हसत हसत दारातून आत येतो आणि मी म्हटलं, "हा बघ, रडका डॉक्टर आला!" का म्हटलं, देव जाणे. बायको तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं एकदम वर पाहिलं. मी म्हटलं, "बस ना गं, बघ तरी, किती छान आहे!" तर "हं" म्हणाली आणि घड्या उचलून आत गेली. घ्या! गाढवाला गुळाची चव काय, असं मी म्हणणार होतो, पण पाय प्लास्टरमध्ये, चहा तिच्या हातात... नाही म्हटलं.

आणि त्यात तो म्हातारा वॉर्डबॉय गेला हो! दुसऱ्या सीझनच्या शेवटी. जन्मभर दुसऱ्यांच्या खुर्च्या ढकलणारा माणूस, त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मी ढसाढसा रडलो. नशीब, थोड्याच वेळापूर्वी बायकोनं उशाशी नॅपकिन आणून ठेवला होता. "कशाला?" म्हटलं, तर म्हणाली, "असू दे, लागेल." मला वाटलं, सर्दीसाठी. पण सांगायचं कुणाला? मुलीला फोन लावला, ऑफिसात. "बाबा! काय झालं? आई बरी आहे ना?" "आई बरी आहे गं... म्हातारा वॉर्डबॉय गेला!" "कोण गेलं?" "हॉस्पिटलातला! खुर्चीवाला!" "बाबा, तो गेला तेव्हा मी शाळेत होते!" अगं, तू असशील शाळेत! माझ्यासाठी तो मंगळवारी गेला! फोन ठेवलान हो तिनं. मीटिंग म्हणे.

तुम्हाला सांगतो, दुःख एकट्यानं करण्यात काही अर्थ नाही. सगळ्या जगाचं रडून झालेलं, डोळे पुसून झालेले, आणि आमचं आपलं वरातीमागून घोडं! तो रडका डॉक्टर मोठ्या नर्सला लग्नाचं विचारतो की नाही, या काळजीनं मला जेवण जाईना, आणि बोलायला माणूस नाही. मी बायकोला म्हणायचो, "विचारेल गं तो, तुला काय वाटतं?" ती म्हणायची, "भाजी घ्या." अशी आमची चर्चा!

तर प्लास्टर निघालं, आठ सीझन झाले, नववा तेवढा उरला आणि मी दुकानात आलो. पहिलंच गिऱ्हाईक कोण? निवृत्त मुख्याध्यापिका! आवाज असा, की त्यांच्या शाळेत घंटा नुसती शोभेला टांगली असणार. "इतके दिवस कुठे होतात?" मी सगळं सांगितलं, पाय, प्लास्टर, मालिका, शेवटचा सीझन राहिलाय... आणि बोलता बोलता साफ करायला म्हणून त्यांच्या कानातलं मशीन काढून घेतलं. इथे चुकलो! बाईंचा चेहरा खुलला. "अगबाई, ती होय! बघितलीय मी सगळी!" मी म्हटलं, "बाई, शेवट सांगू नका!" बाई म्हणतात, "हो ना, मलासुद्धा फार आवडायची!" मी हात जोडले, "नका हो सांगू!" बाई म्हणतात, "बरोबर, तीच नर्स! तिला शेवटच्या भागात मारायला नको होतं हो त्यांनी!" बाकावर एक आजोबा बसलेले, त्यांचं मशीन अजून यायचंय. ते घाबरून विचारतात, "काय? कोण गेलं?" बाई आणखी वरच्या पट्टीत, "नर्स! बसस्टॉपवर!" "कुणाची नर्स?" "डॉक्टरची! तो विचारायला येतच होता, अंगठी खिशात!" पलीकडे शिंप्याची शिलाई थांबली हो! आणि बाईंचं मशीन कुठे? माझ्या हातात! बाईंच्या कानात नुसतं सरकवलं असतं तरी... पण मी आपला ते पुसतच बसलो!

घरी आलो, जेवायला बसलो. शेवटी म्हटलंच, "मोठी नर्स जाते गं." बायको पोळीवरून नजर न उचलता म्हणाली, "हो. बसस्टॉपवर. रडक्या डॉक्टरची वाट बघत." माझ्या हातातला घास हातातच! "तुला कुणी सांगितलं?" "मी पाहिलीय. लागली तेव्हाच. दर बुधवारी." "अगं, मग मला का नाही सांगितलंस?" त्यावर तिनं लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, "नऊ वर्षं सांगत होते. तुमचं दुकान तेव्हा जोरात होतं, तुम्ही थकून यायचात, मी वाढायचे आणि सांगायचे. तुम्ही 'हं' म्हणायचात. मोठी नर्स गेली त्या दिवशी मी रडत होते, तर तुम्ही विचारलंत, 'सर्दी झालीय का?'"

मी म्हटलं, "छे! मला आठवत नाही म्हणजे तू सांगितलंच नसशील!" तर म्हणते कशी, "बरं. मग 'रडका डॉक्टर' हे नाव कुणी ठेवलं?" "मी!" "पहिल्या भागात? पहिल्या भागात तो रडतो कुठे हो? रडायला लागतो तिसऱ्या सीझनमध्ये. ते नाव माझं आहे. टकल्या पण माझाच."

खोटं कशाला बोलू? तीस वर्षं लोकांना विचारतोय, "ऐकू येतंय का?" आणि ही बाई रोज माझ्या ताटासमोर बसून बोलत होती. आत चार नावं तेवढी गेली होती. लाज वाटली हो मला. म्हटलं, "शेवटचा सीझन माझ्याबरोबर बघशील?" तर आली, बसली. नॅपकिन एकच आणला, दोघांत मिळून.

आता मालिका संपली. म्हटलं, आपलीही काही जबाबदारी आहे. रोज जेवताना मी तिला सांगतो, कुठे काय वाटलं, टकल्या कसा चुकला, वॉर्डबॉयचं मला किती लागलं. अगदी मनापासून सांगतो. आणि तुम्हाला सांगतो, ती ताटाशेजारी शब्दकोडं ठेवते, पेन्सिल हातात धरते आणि म्हणते, "हं."

सध्या पहिल्या सीझनवर आहोत. अजून आठ वर्षं जातील असं दिसतंय.