काकी, दोन फुटी, पाच नग

एआय एजंटला काही समजावून सांगायचं असेल ना, तर आमच्या काकांना विचारून लिहू नका. मी लिहून बसलोय.

हमरापूरला काकांचा गणपतींचा कारखाना. हल्ली मोठ्या दुकानदारांच्या ऑर्डरी त्यांचे एआय एजंटच देतात. एजंट आधी आमच्या सर्व्हरला विचारतो, तुमच्याकडे काय काय मिळतं? ते सांगणारं टूल मी बनवलं, आणि त्याची माहिती लिहायला काकांसमोर बसलो.

"पयलं लिव, काकी हाय."

"काका, इथे माल लिहायचाय."

"अरे, गिऱ्हाईक दारातूनच काय विचारतं? काकी हाय ना? मग मूर्ती बघतं. डोळ्यांची आखणी सगळ्यांना तिच्याच हातची लागते."

खोटं नव्हतं. मी लिहिलं, 'काकी: उपलब्ध.' त्याखाली मूर्ती, उंची, माती.

पहिलीच ऑर्डर आली ती पनवेलच्या दुकानदाराची. त्याच्याकडे काका कधीपासून खेटे घालत होते. मी मोठ्यानं वाचली, "काकी, पाच नग. दोन फुटी. शाडूच्या. पाण्यात लवकर विरघळणाऱ्या."

काकांनी काकीकडे बघितलं. मग म्हणाले, "पाच कोण सांभाळंल?"

काकी शेजारीच एका गणपतीचा डोळा आखत होती. तिनं तो शांतपणे पुरा केला, ब्रश पाण्यात बुडवला आणि मला म्हणाली, "माझ्याऐवजी यांना पाठव. पन आधीच लिव, पीओपीचे हायत. काय केल्या विरघळत नाय."